सहा प्रश्नचिन्हं

केपेंच्या नोंदणी कार्यालयात
सकाळचं पहिलं काम पर्वरीला हाक मारणं.
होस्टचा पत्ता, पोर्ट पाच हजार चारशे बत्तीस,
युजरचं नाव, आणि पासवर्ड,
जो दर नव्वद दिवसांनी बदलतो
आणि दर नव्वद दिवसांनी
कायतानबाबच्या कीबोर्डखाली नव्या चिठ्ठीवर असतो.

कनेक्शन नाकारलं.
तीस मोजते. पुन्हा.
नाकारलं म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे,
एवढं या नोकरीने शिकवलं.
टाइमआउट वाईट. तिथे घरच बंद.

खिडकीशी एक बाई, सव्वानवापासून.
बार्सेंची. मांडीवर पिशवी,
पिशवीत रेशनकार्ड, त्यावर फोटो,
फोटोत ती तीस वर्षांनी लहान.
जन्मदाखला हवा.

सिलेक्ट. काय हवं ते आधी सांगायचं,
कुठून ते नंतर,
कुणाचं ते सगळ्यात शेवटी.
बाई वेगळ्याच क्रमाने सांगते:
आधी बापूस, मग वाडा, मग त्या साली
कुणाची म्हैस व्हाळात पडली ते,
आणि विचारल्यावर, लाजत, नाव.

टेबलं दोन.
एक पोर्तुगीज वह्यांवरून उतरवलेलं.
त्यात शेवंतीचा श एक्सने लिहितात,
प्रभूचा पोरोबो होतो.
दुसरं नंतरचं, देवनागरी.
मध्ये मी जॉइन लिहिला:
याचं नाव बरोबर त्याचं नाव.
बरोबरच्या चिन्हाइतकं कोरडं दुसरं काही नसतं.
शून्य ओळी.

मग कार्डाच्या नंबरवरून नुसतं दुसरं टेबल उघडलं.
नावाच्या रकान्यात
??????
सहा.

कधीतरी कुणीतरी कनेक्शन जोडताना
कुठली लिपी येतेय ती एक ओळ लिहायची विसरलं,
आणि न कळलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी
यंत्राने प्रामाणिकपणे एकेक प्रश्न ठेवला.
श. त्याची मात्रा. व. वरचं टिंब. त. वेलांटी.
मोजलं. जमलं.
ती ओळ मी आज लिहिली
तरी हे परत यायचं नाही.
नल असतं तर निदान म्हणता आलं असतं
की ठाऊक नव्हतं.
हे तर ठाऊक होतं.

लाइक लावलं. एक्स, ई,
पुढे टक्क्याचं चिन्ह, म्हणजे पुढे काहीही चालेल.
अकरा शेवंत्या आल्या.
बाबुसो वेळीपाची एकच, बार्सें, एकोणीसशे बावन्न.
बापाचं नाव मोठ्याने वाचलं
तशी ती उठून उभी राहिली.
"तो तुका खंय मेळ्ळो?"

दुरुस्ती लिहायला घेतली.
इथे व्हेअर विसरलं तर
अख्खा तालुका शेवंती होईल,
कायतानबाबसुद्धा.
दोनदा वाचलं. चालवलं.
हललं नाही.
टेबलाला कुलूप. कुणीतरी आत
व्यवहार उघडा टाकून निघून गेलेलं.
पावणेदोन वाजले होते.
कायतानबाब एक वाजता हुमणाला जातो,
तीनला येतो.

त्याचं सत्र मला तोडता येतं, तेवढा अधिकार आहे.
पण त्याच्या अर्ध्या व्यवहारात
आणखी कुणाचा बापूस असेल, काय सांगावं.
बसलो दोघी.
तिने काजूच्या बिया काढल्या,
घरी भाजलेल्या, बोटं काळी करणाऱ्या.
"नांव म्हजें आतां खंय आसा?"
म्हटलं, वाटेत.
तिला ते पटलं.
बार्सेंची बससुद्धा तिथेच असते.

तीन वाजून सात मिनिटांनी कायतानबाब,
दात कोरत, "सॉरी हां" म्हणत.
कमिट.
एक ओळ बदलली, स्क्रीन म्हणाला,
आणि मी काळ्या बोटांनी कीबोर्ड घाण केला.

ती गेल्यावर सहज उगाच खाली बघितलं.
प्रश्नचिन्हांच्या ओळी, दोन हजार एकशे चौदा.
आता बसस्टँडवर उभी राहून
चारचिन्हीवालीला अक्षरं लावून बघते.
सीता? भागी? कमला?
खिडकीशी कुणी येऊन बसेपर्यंत
सगळ्याच बरोबर.