उजवी बाजू

साखरी गेली त्या पहाटे
हुसेनचाचा नालबंद म्हणाले, लगेच नेऊ नका.
शेगडीची दोरी सोडा, तिले वास घेऊ द्या.
न पाह्यलेलं मरण
जनावर जन्मभर हुडकत रायते, बाई.

सोडली.
तिनं आधी तोंड हुंगलं, मग कानामागे,
मग पोट, जिथे रात्रभर कळ उठत होती
आणि आम्ही हिंगाचं पाणी चोळत
तालुक्याच्या डॉक्टरची वाट पाहत होतो.
नाकानं खांद्याला एक ढुशी दिली,
वरातीच्या बग्गीला जुंपताना द्यायची तशी.
थांबली.
मग दोन पावलं मागे सरकून
साखरीच्या तोबऱ्यात उरलेले हरभरे खाऊन टाकले.
मला राग आला तिचा.
त्या रागाची आता लाज वाटते.

नाल्यापलीकडच्या पडीत खड्डा, दोन पोती मीठ.
ट्रॅक्टरवाल्यानं पैसे घेतले नाहीत,
त्याच्या लग्नात हीच जोडी होती.
हे घरी आले, आंघोळ केली,
दोन्ही खोगिरांची पितळी फुलं चिंचेनं घासत बसले.
दोन्ही.

हरभरे तेवढेच शेवटचे.
मग तुरीचं कुटार जसंच्या तसं,
भिजवलेली ढेप घमेल्यात आंबून गेली.
नाल्याकडे तोंड करून उभी राहायची दिवसभर
आणि खिंकाळली की
आखरावरची गुरं चरायची थांबायची.
उन्हं अशी, की पळसाखालची सावलीसुद्धा पोळावी,
आणि ही टिनाखाली यायला तयार नाही.

सल्ले पुष्कळ आले.
विकून टाका. नजर उतरवा. गूळ द्या.
धाकट्यानं मोबाईलवर कुठल्याशा घोडीचा आवाज लावला.
शेगडी धावत आली,
मोबाईल हुंगला, त्याची खिसा हुंगला, मागची भिंत हुंगली,
भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहिलं.
पोरगं रडायला लागलं.
पुन्हा लावू नको रे, एवढंच म्हटलं मी.

जावेनं तिची लंगडी बकरी आणून बांधली शेजारी.
शेगडीनं तिला हाकललं नाही.
नावाजण्यासारखं तेवढंच.

एका संध्याकाळी खरारा करताना
हात आयाळ संपते तिथे गेला, मानेच्या बुडाशी.
तिथेच खाजवायच्या दोघी एकमेकींना,
उलट्या तोंडानं उभ्या राहून, दातांनी, तासन्‌तास.
मी खरारा खाली टाकला, नखांनी खाजवलं.
तिचा खालचा ओठ लोंबू लागला.
मग मान वळली
आणि तिनं माझ्या खांद्यावर दात टेकवले,
चावायला नाही,
परतफेड म्हणून.
पदर फाटला जरासा. फाटू दिला.

दुसऱ्या दिवशी फिरवायला काढली, तर चालेना.
मी पुढे, दोरी ताणलेली, ती रस्त्याच्या डाव्या कडेला,
उजवी अर्धी सडक मोकळी सोडून.
ओढलं. चुचकारलं. शिवी दिली.
हे पारावरून ओरडले,
"काऊन ओढून रायली तिले? बाजूनं चाल नं!"
कुठल्या बाजूनं, ते सांगावं लागलं नाही.
नऊ वर्षं दांडीच्या उजवीकडे कोण होती
ते अख्ख्या गावाला ठाऊक.

आता रोज पाझर तलावापर्यंत जातो आम्ही.
बकरी मागून येते, मन असेल तर.
कुटार अर्धं संपतं, कधी पाऊण.
पुसदच्या बाजारातून नवी आणायची का,
हे विचारतात. दिवाळीनंतर पाहू म्हणते.

तूर्त मी उजवीकडून चालते.
डांबरावर माझ्या पावलांचा आवाज होत नाही
आणि मग तिचा उजवा कान मागे-पुढे शोधत राहतो,
म्हणून
चपला थोड्या आपटून चालते.
लोक हसतात.
त्या दिवशी हुसेनचाचा समोरून आले सायकलवर,
उतरले, माझ्या पायांकडे पाहिलं,
म्हणाले, उजवा पाय ढिला पडून रायला,
ठोकून देऊ का?