एकशे चाळीस

टॉवेलच्या कारखान्यात आता तीनच दिवस माग.
मी घरी काही बोललो नाही.
अंबिकाही बोलली नाही,
फक्त गिरणीतून दुप्पट पीठ आणलं
आणि भाकऱ्या थापत बसली, कागदासारख्या पातळ,
तव्यावरून निखाऱ्यावर, निखाऱ्यावरून उन्हात.

विड्या वळून उरलेल्या वेळात
चिंच फोडली, मीठ लावून गोळे केले,
मालदांडीत कडुलिंबाचा पाला.
शेंगाचटणी कुटताना नरसम्मा डोकावली,
"पोरीचं लग्न काढलंस का काय गं?"
"हो. ठरलं की सांगते."

पत्र्याच्या डब्यावर तिनं खडूनं लिहिलं: १४०.
डबा उघडला की वाईट दिवस सुरू झाले, असं धरायचं.
म्हणून कुणी उघडत नाही.

परवा रात्री मी उघडला.
भूक होती असंही नाही.
एक काढली, मोडली,
आणि सगळ्या खोलीला ऐकू गेलं.
कडक भाकरी चोरून खाता येत नाही
हे सोलापुरात जन्मून विसरलो.

पोरगी कुशीवर वळली.
अंधारातून अंबिका म्हणाली,
"चटणी वरच्या फळीवर आहे."

सकाळी आकडा तोच.
चुलीवर तवा,
परातीत एकाच भाकरीचं पीठ.