पाय टेकला की दोन

रविवारी सौदे बंद असतात.
मार्केट यार्डात हमाल नाहीत, काटा नाही,
काँक्रिटच्या भेगांत गेल्या हंगामाची हळद
झाडूनही न निघालेली.

तिथं नाईकवडी मास्तर शंकू मांडतात.
एकोणीस, रस्त्याच्या ठेकेदाराकडून मागून आणलेले.
तीन कमी पडले
म्हणून दोन पालथे मग आणि एक फुटकी बादली.
"बादली म्हणून कुणी कमी लेखू नका," मास्तर म्हणतात,
"तिला धक्का लागला तरी गुण जाणार."

मास्तर पोलिसांच्या वाहन विभागातून निवृत्त,
शिट्टी अजून गळ्यात. नियम तीनच:
शंकू हलला, एक वजा.
पाय टेकला, दोन.
गाडी आडवी झाली तर आधी चहा, मग बाकीचं.

मी पद्मश्री चौगुले, वय सत्तेचाळीस,
दिवसभर दुसऱ्यांचं रक्त नळ्यांत भरते,
शीर सापडेपर्यंत हात हलू देत नाही.
वाटलं होतं, हे आपल्याला जमेल.
भावाची साडेतीनशे सीसी, एकशे नव्वद किलो.
कोल्हापूर रस्त्याला ऐंशीवर असताना
तिचं वजन कळतच नाही,
वेग सगळं झाकून नेतो.
ते कळतं माणसाच्या चालीवर,
हँडल पार टोकाला वळवलेलं असताना.
गाडी एका कुशीवर कलते
आणि विचारते, आता?

पहिल्या रविवारी आठ वेळा पाय.
दुसऱ्या रविवारी बादली.
तिसऱ्या रविवारी पुन्हा बादली.
"बादलीत काय आहे?" मास्तरांनी विचारलं.
काही नाही म्हटलं.
"मग बघता कशाला तिच्याकडं?
मान वळवा, खांद्यावरून पार मागं,
जिथनं बाहेर पडायचंय तिथं बघा.
गाडी येते नजरेमागनं. गरीब असते ती."

डोळ्यांना हे पटत नाही.
ज्याची भीती त्याच्यावरच टक लावायची
त्यांची जुनी खोड.
बोटांना तर आणखी उशिरा पटतं:
क्लच ना धरलेला ना सोडलेला,
मधली कणभर जागा,
जिथं इंजिन नुसतं हुं म्हणतं,
आणि मागच्या ब्रेकवर उजवा पाय,
झोपलेल्या पोराच्या अंगावर
हात ठेवावा इतकाच.

स्पर्धा माघात झाली. अकरा जण.
पन्नास फूट, जो शेवटी पोचेल तो पहिला.
तगड्या गाड्यांची पोरं
वीस सेकंदांत पोचून हरली,
त्यांना हरल्याचं मागनं कळलं.
मिरजेचा इलियास मुलाणी जिंकला,
जुन्या शंभर सीसीवर, बेचाळीस सेकंद.
चौदा वर्षं दोन्ही अंगांना गॅसच्या टाक्या बांधून
बोळाबोळांतनं गेलेला माणूस.
बक्षीस घेताना म्हणाला,
"आज रिकामीच चालवली, जरा चुकल्यासारखं वाटलं."

मी सातवी.
बादली वाचली.
आठच्या आकड्यात, शेवटच्या वळणाला, एकदा डावा पाय.
मास्तरांनी दोन लिहिले आणि वर बघितलंच नाही.

परत येताना गणपती पेठेच्या अलीकडं
उसाचा ट्रॅक्टर आडवा, दोन ट्रॉल्या,
पुढचा पुढं नाही, मागचा मागं नाही,
हॉर्नवर हॉर्न.
डावीकडं उघडं गटार,
उजवीकडं ट्रॉलीतनं लोंबणारी वाढी, तोंडाला लागतील एवढी.
वळायला जागा किती?
एक अंथरूण पसरेल एवढी.
गटाराकडं बघितलं नाही.
मान वळवली,
मागं लांब, बंद दुकानाच्या पिवळ्या फळीकडं,
आणि तिथंच राहू दिली.
ढोपरापाशी वाढं सळसळलं.
गाडी फिरत होती की रस्ता, ठाऊक नाही.
पाय दोन्ही वर.

शिट्टी नाही, गुण नाहीत.
रसवंतीवरचं एक पोरगं तेवढं
ग्लास धुता धुता बघत होतं.
जवळ आलं, ओले हात चड्डीला पुसत म्हणालं,
"काकू, बंद पडाय लागलीय गाडी.
ढकलू का?"