अकरावं मिनिट

अकराव्या मिनिटाला आमचं गाव जळतं.
आधी पाण्याची टाकी कोसळते, मग बँक,
मग ग्लॅडिस हॉस्टेटलरचं शिवणाचं दुकान,
जे खरं तर तीन वर्षांपूर्वीच बंद पडलंय,
कुठल्याही परग्रहाने हात न लावता.

कॅन्ससमधलं गाव, एकच थिएटर, एकशे चाळीस खुर्च्या,
त्यांतल्या नऊ मोडक्या.
तिकिटं मी फाडते, लाह्या मीच फोडते,
शो सुटला की दारात उभी राहून
सगळ्यांची मतंही मीच ऐकते. फुकट.

पहिल्याच रात्री गावाचे दोन तुकडे झाले.
वेंडेल क्रॉस म्हणाला, असा सिनेमा होणे नाही!
ती जांभळी वीज, छातीत शिरणारी ती घरघर,
आणि गहू! मीच पेरलेला माझा गहू
एवढा सोनेरी मी जन्मात पाहिला नव्हता.
त्याच्या मेहुण्याने, डेलने, टोपी काढून मांडीवर आपटली.
डोकं काय गहाण ठेवून बघायचं?
एवढे तारे ओलांडून आलेले ते लोक
पहिले इथे उतरतील?
इथे तर ढोरांचा डॉक्टरसुद्धा
फक्त मंगळवारी येतो.

इर्मा बारागान, मांस कारखान्यातल्या रात्रपाळीची,
कोट चढवता चढवता म्हणाली,
निदान त्यांच्याकडे कुणी कागद मागितले नाहीत.
कुणीच हसलं नाही.
म्हणजे मी हसले, पण उशिरा.

वेंडेल आणि डेलमध्ये एकच कंबाईन आहे.
आता ते दिवस वाटून घेतात,
चावी माझ्या काउंटरवर ठेवून जातात,
एकमेकांचं तोंड बघावं लागू नये म्हणून.
सिनेमावरून! असं लोक म्हणतात.
मला वाटतं सिनेमा निमित्त.
टाकी पडताना एकाला मजा वाटली,
हे दुसऱ्याने अंधारात पाहिलं होतं.

आणि व्हर्लिन स्टकी. तो रोज येतो.
पूर्ण तिकीट, मागून तिसरी रांग, कडेची खुर्ची.
बाराव्या मिनिटाला उठतो, टोपी घालतो, निघून जातो.
डेल सगळ्यांना सांगतो, बघा,
त्या बिचाऱ्यालासुद्धा सहन होत नाही.
व्हर्लिनचं मत डेलच्या खात्यात जमा आहे.

मी तोंड उघडत नाही.
दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात शूटिंगवाले आले होते,
माणशी नव्वद डॉलर आणि एक सँडविच.
शिट्टी वाजली की सगळ्यांनी वर बघायचं.
वर काही नव्हतं. एक घार होती.
रूथॲन स्टकी पिवळ्या स्वेटरमध्ये रस्ता ओलांडते,
हातात किराणा, खराच, घरी न्यायचा,
मध्येच थांबते, मान वर करते.
कपाळावर हात. तोंड जरासं उघडं,
कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं.
चार सेकंद. मी मोजलेत.
मग प्रकाश.

फेब्रुवारीत ती गेली. तेव्हा प्रकाश वगैरे नव्हता.
विचिटाचं हॉस्पिटल, पार्किंगमध्ये काळा पडलेला बर्फ.

हल्ली रिळं नसतात. एक डबा येतो, कुलूपबंद,
किल्लीला तारीख असते.
गुरुवारी मध्यरात्र उलटली की सिनेमाचा दगड होतो.
बुधवारी व्हर्लिन काउंटरशी रेंगाळला.
शेवटी काय होतं गं?
म्हटलं, आपण जिंकतो.
असं?
नाण्यांशी चाळा करत राहिला.
टाकी परत बांधतात का?
म्हटलं, ते दाखवलेलं नाही.
हं, म्हणाला. दाखवायला हवं होतं.

एवढंच त्याचं मत. कुठल्या खात्यात मांडू
मला ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी त्याने लाह्यांचा मोठा पुडा घेतला.
पहिल्यांदाच.
मी दिवे मालवले, दार लोटलं,
आणि बाहेर कंबाईनची चावी मुठीत धरून
घड्याळाकडे पाठ करून उभी राहिले.