परीक्षण

लेखकाचं नाव झाकलेलं. माझंही.
तक्ता तीन : मुठेचं पाणी, भिडे पूल,
पाच ऑगस्ट, सकाळी दहा.
आकडे कसे, इस्त्री केल्यासारखे.

त्या दिवशी भिडे पूलच पाण्याखाली होता.
लकडी पुलावरून वळसा घालून
मी कॉलेजात पोचले, सव्वाअकराला,
पदर पिळत.

शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं :
‘नमुना कोणी घेतला? कृपया नाव द्यावे.’

बटण दाबणार,
तर कपाटातला माझा प्रबंध आठवला.
गुडघाभर पाण्यात उतरून
बाटल्या भरून आणायचा गेणू खैरे,
दोन वर्षं, पँट दुमडून.
ऋणनिर्देश तीन पानी आहे.
सासऱ्यांचं नाव आहे. टायपिस्टचंही.

वाक्य खोडलं नाही.
पाठवलंही नाही
अजून.