दोन आडव्या रेघा

मे महिना, त्रिमूर्तीनगर, दुपारचे दोन.
बाहेर सेहेचाळीस अंश, आणि मी
दोन आडव्या रेघांपुढच्या एका शब्दाचा अर्थ
लिहीत बसलेय.

शब्द आहे हार्ड.
जुनं पान म्हणतं :
"हा पर्याय दिल्यास कार्यवृक्ष व सूची
निर्देशित नोंदीच्या स्थितीशी जुळवली जाते."
एकही चूक नाही ह्या वाक्यात.
चार वेळा तपासलं.
ज्याला आधीच ठाऊक आहे
त्याला ते लगेच कळतं.

मिहानमधल्या देवांशू खापेकरला ठाऊक नव्हतं.
सोमवार, मंगळवार, बुधवार,
एका एंटरमध्ये.
फोनवर रडला नाही. इतकंच म्हणाला,
"ताई, जुळवली जाते म्हणजे
मिटवली जाते,
हे कुठी लिहून होतं जी?"

लिहून होतं.
आठव्या परिच्छेदात, कंसात,
एका उपवाक्याच्या शेपटीला.
मीच लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी,
आणि सगळं नमूद केलं म्हणून
उरलेली दुपार गाढ झोपले होते.

पाठीमागे कूलर घरघरतोय.
पत्र्याचा, गोळीबार चौकातल्या घरापासूनचा.
वाळ्याच्या ताट्या दर उन्हाळ्यात नव्या,
टाकीच्या तोंडाशी बाबांचं अक्षर मात्र तेच,
लाल ऑइलपेंट, 'भ'चा पाय ओघळलेला :
पाणी भरताना बंद.

बाबांचा सगळा जन्म मागावर गेला.
लिहायचे ते फक्त मजुरीच्या वहीत, आकडे.
पण त्या वर्षी समोरच्या निखारेंच्या थोरल्याला
बादली ओतता ओतता झटका बसला.
पोरगा वाचला.
उजव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत.
कूलरसोबत आलेल्या पुस्तिकेत
अर्थिंगचं सगळं बिनचूक छापलेलं होतं, आकृतीसकट.
पुस्तिका कपाटात होती.
कूलर खिडकीत.

मी लिहिते : काळजीपूर्वक वापरा.
खोडते.
काळजी घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं,
हे त्यात नाही.
मी लिहिते : अनुभवी वापरकर्त्यांसाठी.
हेही खोडते.
देवांशूला पाचवं वर्ष लागलंय ह्या कामात,
तो स्वतःला अनुभवीच समजणार.

मग पान उलटं करते.
आठव्या परिच्छेदाची शेपटी
उचलून पहिल्या ओळीत :
"फायलींत केलेले, पण अजून न नोंदलेले बदल
ह्याने कायमचे जातात.
आधी स्टेटस पाहा."
कार्यवृक्ष खाली, ज्याला हवा त्याच्यासाठी.

पुण्याहून तपासनीस बाई विचारतात,
"'कायमचे जातात' जरा भीतिदायक होतंय का?
'पूर्ववत होतात' चालेल?"
मी लिहिते, नाही चालणार.
कारण द्यायला घेते, कूलरपासून सुरू करते,
मग तेही पुसते.
नाही चालणार, एवढंच पाठवते.
चाळीस मिनिटांनी त्यांचा होकार येतो,
आणि एक प्रश्न :
दोन दिवस ह्या एका ओळीला?

हो.

एक ओळ वर, अकरा ओळी कमी.
नोंदीच्या निरोपात लिहिते :
धोका आधी, व्याख्या नंतर.
माझं जुनं वाक्य पानावरून गेलं,
इतिहासात मात्र राहणार,
माझ्या नावानं, तारखेसकट.
ते नोंदलेलं होतं ना.

देवांशूला कळवलं नाही अजून.
त्याचे तीन दिवस ह्यानं परत येत नाहीत,
आणि "बघ, आता लिहिलंय"
हे कोणत्या तोंडानं सांगू.

कूलरचा आवाज बदलतो.
पाणी तळाला गेलंय, पंप हवा ओढतोय.
मी उठते, मोरीतून बादली भरून आणते.
ती लाल अक्षरं
कित्येक वर्षांत वाचलेली नाहीत मी.
बादली खाली ठेवते,
हात आपसूक
बटणाकडे जातो.