चांदण्याचा च

वडसा स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्याकडे
एक पत्र्याची पेटी होती, दोन खोट्या मिशा
आणि मराठीचे तीन शब्द : चहा, पुरे, उद्या.
नागलिंगप्पा बडिगेर. गदगकडचा.
तिकडची कंपनी बसली होती, तंबूचे बांबूसुद्धा विकले गेले होते
आणि तीन कानडी सिनेमांत तो
मध्यंतराच्या आत मेला होता.
आमच्या मालकाने त्याची उंची पाहिली. म्हणाला,
ठेवा जी, मुका दरोडेखोर तं होईनच.

पहिला सीझन तो मुका.
दिवसा शंकरपट, रात्री नाटक,
माणसं तणसावर, पोरं घोंगडीत,
आणि मी विंगेत, बॅटरी दातात धरून
वही वाचणारा.
त्याला वाक्यच नव्हतं, तरी माझ्या अगदी जवळ येऊन बसायचा.
मला वाटायचं, थंडी.

दुसऱ्या वर्षी चार वाक्यं मिळाली.
नागभीडच्या बाजूचं गाव, पहाटेचे तीन,
तो पुढे आला आणि म्हणाला,
"माय, मी पानी मांगाले नाही आलो.
माही तहान वापस कराले आलो."
हे वहीत नव्हतं.
मी पान उलटलं, मागचं पाहिलं. नव्हतं.
तणसावर कुणाची तरी बांगडी वाजली, मग काहीच वाजलं नाही.
मालकाने वडशापर्यंत शिव्या दिल्या
आणि उतरताना म्हणाला,
उद्या ते तहानीचं घेजो.

मग सतरा नाटकं.
तो बोलायचा, नट पाठ करायचे,
मी ऐकून उतरवायचो.
माझ्या वह्या पावसाने नेल्या, उंदरांनी नेल्या,
एक तर भजेवाल्याने नेली.
त्याची वही पेटीत असायची.
एकदा पाहिली : बांधावरून रात्री
गोगलगायी फिरून गेल्यासारखी.
कानडीत लिहितेस का, लिंगूभाऊ?
"अक्षर तिकडचा," तो म्हणाला. "बोलणं तुमचा."

मे महिन्यात गेला. तेंदूचे दिवस,
अर्धं गाव जंगलात.
त्यांच्यात कसं नेतात ते कुणाला ठाऊक नव्हतं.
त्याच्याच एका नाटकात बाप मरतो,
त्याला जसं नेलं होतं, तसं नेलं.

श्रावणात पुतण्या आला. मौनेश. बँकेत असतो.
मराठी त्याला येत नाही.
पेटी उघडून तो वाचायला लागला,
एकेक अक्षर, गाडीच्या खिडकीतून
पोरगं पाट्या वाचतं तसं,
आणि ओसरीवर आम्ही पाच जण ऐकत होतो.
त्याला अक्षरं येत होती, आम्हाला अर्थ.
सखूबाई, जी सगळ्या नाटकांत त्याची आई झाली,
एका ठिकाणी त्याच्या आधीच पुढचं बोलून गेली.
मौनेश दचकून कागदाकडे बघत राहिला.

मग तो अडला. काही अक्षरांखाली ठिपके होते.
त्याने ठिपका सोडून वाचलं : चांदणं,
चंद्राच्या च ने.
मी म्हटलं, नाही रे बाबा. चांदणं. जीभ दाताला लाव.
चंद्राच्या च ला ठिपका नव्हता.
चांदण्याच्या होता. चुलीच्या, चाऱ्याच्या, चोराच्या.
साठ वर्षं बोलतो आहे,
आपल्याकडे दोन च आहेत हे मला माहीत नव्हतं.
पहिल्या सीझनला तो माझ्या मांडीला मांडी लावून
हेच टिपत होता.

आता मौनेश रजा काढून येतो. तो वाचतो, मी लिहितो.
परवा अकराव्या वहीत, एका अंकाच्या मधोमध,
तो वाचता वाचता गप्प झाला.
सलग दीड पान, एकही ठिपका नाही.
ते कानडीच होतं.
डोळे फिरत होते त्याचे, ओठ नाही.
पान संपल्यावर पुन्हा वरून सुरू केलं.
काय लिहिलंय? मी विचारलं.
सखूबाईनेही विचारलं.
त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.
चहा, म्हणाला.
ठिपका लावून.